माळवदावर चढलेलं नगर

मित्रांनो, मी एक जुना खुळखुळा आहे. भाजलेल्या मातीचा, कवठाएवढा, पोटात तीन खडे असलेला. माझ्या एका कडेचा टवका उडाला आहे आणि पाठीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा आहे. लातुरातल्या एका घराच्या गच्चीवर, जिन्याच्या डोक्यावर पत्र्याची छोटी खोली असते ना, तिच्या कोनाड्यात मी राहतो. खरं सांगायचं तर थकलोय. दोन हजार वर्षं म्हणजे काही लहान पल्ला नव्हे. माझ्या डोळ्यांदेखत (मला डोळे नाहीत, पण म्हणायची पद्धत आहे) एक नगर चढलं आणि विझलं. एक गाव चढलं आणि एका झटक्यात खाली बसलं. आता हे शहर मजल्यावर मजला टाकत निघालंय, आणि मला पुन्हा तीच धाकधूक होते.

ज्या घरात मी आहे ते गुणाबाईचं. या घरावर अजून एक मजला चढणार की नाही, यात तिची झोप अडकली होती. तुम्हाला तेच सांगायचंय. पण माझी गोष्ट मातीची आहे, तेव्हा मातीपासूनच सुरू करतो.

मला घडवलं एका कुंभाराच्या बायकोने. चाकावरची मोठी कामं नवऱ्याची: रांजण, घट, दिवे. भट्टीत कोपऱ्यात उरेल ती जागा तिची. लेकरू पाठीशी बांधलेलं. एका हाताने मागे थोपटत तिने दुसऱ्या हाताने मातीच्या दोन वाट्या केल्या, आत तीन खडे ठेवले, तोंडाला तोंड लावून सांधा लिंपला आणि भाजताना फुटू नये म्हणून काडीने एक बारीक भोक पाडलं. लेकरू तेवढ्यात रडलं असावं. घाईत तिचा अंगठा माझ्या पाठीवर जास्तच दाबला गेला. तो पुसायला तिला वेळ मिळाला नाही, आणि दोन हजार वर्षांत दुसऱ्या कुणी तो पुसला नाही.

तेरणेच्या काठचं ते नगर तेव्हा चढतीवर होतं. कापसाचे ढीग लागायचे. मणी घासणारे, शंखाच्या बांगड्या कापणारे दिवसभर उन्हात बसलेले असायचे. बैलांचे तांडे मावळतीच्या बंदरांकडे जायचे आणि परक्या देशातले उंच मद्यकुंभ घेऊन परत यायचे. विटांनी बांधलेल्या विहिरी होत्या, सांडपाण्याच्या नाल्या होत्या. त्या लेकराने मला दातांनी चावलं, जमिनीवर आपटलं, विहिरीच्या काठावर विसरलं. कौतुक म्हणतात ते हेच. मी त्या दिवसांत सारखा वाजत असे.

मग ते नगर संपलं. कसं संपलं, असं विचाराल तर मला धड सांगताही येणार नाही. शत्रू आला नाही, आग लागली नाही. एका वर्षी तांडे उशिरा आले. पुढच्या वर्षी थोडेच आले. पाऊस फिरकेना. नाल्या उपसायला कुणी उरलं नाही. एक घर पडलं, त्याच्या विटा शेजाऱ्याने नेल्या. मग शेजाऱ्याचं पडलं. लेक सासरी गेली ती माहेराला आलीच नाही. धाकटा पोट भरायला गेला तो तिकडेच रमला. शेवटी आमच्या घरात एकच बाई राहिली होती, मला घडवणारीच्या नातवाची सून. निघायच्या दिवशी तिने अंगण झाडलं. परत यायचं नव्हतं, तरी नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून झाडलं. मी भिंतीशी पडलो होतो. तिने मला उचललं, एकदा कानाशी हलवलं आणि ओझं नको म्हणून होतो तिथे ठेवलं.

त्यानंतर भिंत माझ्यावर कलंडली. त्या बारीक भोकातून माती आत शिरली, खडे गच्च रुतले आणि मी मुका झालो.

किती पावसाळे गेले ते मी मोजत बसलो नाही. नगराचं टेकाड झालं. राख, विटांचा चुरा, शेण, हाडं, सगळं एकजीव होऊन त्याची पांढुरकी, चिकट माती झाली. मराठवाड्यात तिला पांढरी म्हणतात. टेकाडाच्या पायथ्याला पुढे दुसरं गाव वसलं. त्यातली घरं माळवदाची होती: दगडाच्या जाडजूड भिंती, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. पांढरी पाणी झिरपू देत नाही, म्हणून माळवदावर तीच लागायची. दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, गावातल्या बायका टेकाड खणायच्या, पाट्या भरायच्या आणि शिडीने वर चढून घरावर नवा थर द्यायच्या. जुना थर मात्र कुणी काढत नसे. तशी रीतच नव्हती. गळालं की टाक एक पाटी.

कळलं ना, मित्रांनो? माझं अख्खं नगर, त्याच्या विहिरी, बाजार, भट्ट्या, सगळं पाटीपाटीने त्या गावाच्या डोक्यावर चढत होतं.

गुणाबाई तेव्हा कोवळी सून होती. अंगात काम भरलेलं. आपलं माळवद गावात सगळ्यांत पक्कं असावं, याची तिला भारी हौस. "आमचं माळवद काय तुमच्या चाळणीवानी हाय व्हय?" असं ती शेजारणींना चिडवायची, आणि शेजारणीही मान्य करायच्या की गुणाबाईच्या घरात भर पावसात पीठ उघडं ठेवावं. ज्या उन्हाळ्यात मी तिच्या पाटीत आलो, त्या उन्हाळ्यात तिचं पहिलं लेकरू, दयानंद, पाळण्यात होतं. पांढरीच्या ढेकळात ढेकूळ होऊन मी वर आलो. कुणाला दिसलो नाही. तिने माती पसरली, पाणी शिंपडलं आणि जड लाकडी धुमसाने ठोकून दाबायला लागली.

खालून सासूबाईंनी, सरजाबाईंनी हाक दिली.

"गुणे, बस कर आता. तुळई करकर करून राहिली."

"करकरू द्या की, आत्याबाई. मागल्या साली तुमच्या वाकळंवर टिपकलं, तवा मलाच बोलला न्हवं?"

"तवा बोलले. आता म्हनते, बस कर."

"एवढी एकच पाटी. एका पाटीनं काय हुतंय?"

सरजाबाई पुटपुटल्या, "तुझ्या हाताला कोन आवरणार, माय," आणि पाळण्याची दोरी ओढत बसल्या.

माळवदाला मधोमध उजेडासाठी भोक असतं. त्याला साणं म्हणतात. मी त्या साण्याच्या जवळच ठोकला गेलो होतो. त्यातून मला खालचं सगळं ऐकू यायचं: जातं, भांडण, सरजाबाईंचा खोकला. दयानंदचा जत्रेतला प्लास्टिकचा खुळखुळा वाजायचा तेव्हा माझ्या पोटातले रुतलेले खडे कासावीस व्हायचे. पण मी बोलू शकत नव्हतो. खरं तर बोलायला हवं होतं असं मला काही ठाऊकही नव्हतं. छत गळत नव्हतं. गाव गुणाबाईची वाहवा करत होतं.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी गाव गणपती बोळवून दमून निजलं आणि पहाटेआधी जमीन हलली.

त्याचं वर्णन मी करणार नाही. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांना ते आवाजासकट आठवतं. एवढंच सांगतो की भिंती फाकल्या, तुळया निसटल्या आणि माझं नगर पुन्हा एकदा खाली आलं. पहिल्या वेळेला ते कुणावर पडलं नव्हतं.

गुणाबाई दाराशी निजली होती, ती बाहेर फेकली गेली. तिचा नवरा शेतात जागलीला होता. घरात सरजाबाई आणि दयानंद. उजाडलं तेव्हा घराच्या जागी मातीचा ढीग होता आणि गुणाबाई तो नुसत्या हातांनी उकरत होती. तिने एक ढेकूळ उचलून मागे भिरकावलं. ते मी होतो. दगडावर आपटून माझा टवका उडाला, आतली माती भसकन बाहेर पडली, आणि दोन हजार वर्षांनी माझे खडे वाजले.

गुणाबाई जागीच थबकली. "दयाचा खुळखुळा!" ती ओरडली. "हितंच हाय माझं लेकरू, हितंच हाय, खणा की रं!"

तो दयानंदचा खुळखुळा नव्हता. पण माणसं धावली आणि तिथेच खणायला लागली. कणगीच्या आडोशाला एक तुळई तिरपी अडकली होती. तिच्याखाली सरजाबाई ओणव्या होत्या, आणि त्यांच्या पोटाखाली, मातीने माखलेला, दयानंद होता. तो रडला. सरजाबाई काही बोलल्या नाहीत.

मी काही पराक्रम केला असं समजू नका. मी फक्त पडलो होतो. पण गुणाबाईने मला पदरात बांधलं ते आजवर टाकलेलं नाही.

गाव दुसरीकडे वसलं, नवी घरं मिळाली. गुणाबाई मात्र छताखाली निजेना. ओसरीत निजायची, अंगणात निजायची. नवऱ्याने शेवटी लातूरच्या कडेला जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या, काही वर्षांनी वर एक मजला चढवला आणि एके दिवशी तापाने गेला. तिने आपलं अंथरूण गच्चीवर नेलं. पावसात तेवढी जिन्याच्या पत्र्याखाली सरकायची. पत्रा हलका असतो. खाली तिच्या नावाची एक खोली होती, तिच्यात फक्त तिची पेटी झोपायची.

बघता बघता ती कड शहराच्या पोटात आली. जिथं ज्वारी डोलायची तिथं क्लास उभे राहिले. डॉक्टर व्हायला, इंजिनियर व्हायला, साहेब व्हायला पोरं-पोरी गावोगावाहून येऊ लागली: भोकरहून, चाकूरहून, कंधारहून. त्यांना राहायला खोल्या हव्यात, जेवायला डबा हवा. गुणाबाईने खालच्या खोल्या मुलींना दिल्या आणि त्यांच्या भाकऱ्या थापू लागली. गल्लीतली घरं दर उन्हाळ्यात उंच होऊ लागली. एकावर दोन, दोनावर तीन. प्रत्येक गच्चीवर खांबांच्या सळया वर काढून ठेवलेल्या, पुढच्या मजल्यासाठी. आमच्याही गच्चीवर होत्या. गुणाबाई त्यांना दोरी बांधून वाळवणावरचं फडकं ताणायची.

कंधारची अर्शिया त्या मुलींपैकी एक. स्पर्धा परीक्षेची तयारी करायची आणि पाठांतराला गच्चीवर यायची, कारण खाली बाकीच्या मुलींची प्रमेयं चालू असायची.

"ऱ्हासाची कारणे," ती येरझारा घालत म्हणत होती, "एक, वारंवार येणारे पूर. दोन, नदीचे पात्र बदलणे. तीन, व्यापाराची पीछेहाट..."

गुणाबाई कुरडया पालथ्या घालत होती. "कोन गेलं गं?"

"कोन नाही, आजी. सिंधू संस्कृती."

"कवा?"

"झाले की साडेतीन-चार हजार वर्षं."

"मग आता काय रडून राहिली?"

"रडत नाही हो, पाठ करून राहिले! पाच मार्काला हाय." अर्शिया हसत कोनाड्याशी टेकली. "आमच्या कंधारला नाही का, एवढा मोठा किल्ला. अब्बा सांगतेत, एकेका दरवाजातून हत्ती जायचे. आता शेळ्या जातेत." बोलता बोलता तिचा हात माझ्यावर पडला. तिने मला हलवलं. "या अल्ला, वाजतंय की! हे काय हाय?"

"ठेव, ठेव. दयाचं हाय."

"भाईचं? हे तर लई जुनं दिसतंय."

"जुनंच हाय. पांढरीतलं." आणि मग, कुरडई हातातच धरून, गुणाबाईने तिला टेकाडाचं सांगितलं. पाट्यांचं सांगितलं.

अर्शियाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे, आजी, तुमच्या घरावर एक पूर्ण जुनं शहर होतं?"

"व्हय."

"कोनी नेलं एवढं वर?"

गुणाबाईने हातातली कुरडई फडक्यावर ठेवली. "मीच."

"फिर?"

"फिर काय. पडलं."

अर्शियाने पुस्तक मिटलं. तिच्या कारणांच्या यादीत सगळं होतं, पूर होता, दुष्काळ होता, स्वारी होती. 'आणखी एक पाटी' हे कारण त्यात नव्हतं.

त्याच आठवड्यात दारात वाळू येऊन पडली.

दयानंद आता कर्ता झाला होता. एका क्लासच्या ऑफिसात कामाला होता. बायको पुनम नुकतीच बाळंत झालेली, लहानगी लेक. तिघं एका अंधाऱ्या खोलीत. क्लास सुरू होताना पोरींचे बाप दाराशी येऊन खोलीची विचारणा करून जायचे, त्यांना परत पाठवणं त्याच्या जिवावर यायचं. तो काही हावरा नव्हता, मित्रांनो. त्याला फक्त जागा हवी होती. निजामोद्दीन मिस्त्री फूटपट्टी घेऊन सळया बघून गेला. गुणाबाई दोन दिवस भाकऱ्या थापत राहिली. रात्री अंथरुणावर तिचा डोळा लागत नव्हता. मला कोनाड्यातून दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दयानंद आणि निजामोद्दीन गच्चीवर उभे असताना जिन्यावरून धापा टाकत गुणाबाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूची भरलेली पाटी.

"आई! गुडघे हायेत का तुझे पाटी उचलायचे? दे इकडं!"

"घे. धर."

त्याने पाटी दोन्ही हातांत घेतली.

"जड हाय का?"

"हाय की. वाळू हाय, कापूस थोडाच हाय."

"एवढीच. दर उन्हाळ्याला एवढीच चढवायची मी." तिला दम लागला होता. "तू पाळण्यात हुतास. तुझी आज्जी म्हनली, बस कर गुणे, तुळई करकरतीया. मी म्हनलं, एका पाटीनं काय हुतंय."

दयानंदला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. भूकंपात आज्जी गेली, एवढंच त्याला माहीत.

"आई, ते भूकंपानं झालं. तू न्हाई केलंस."

"भूकंप मी न्हाई केला. वरची माती मी टाकली."

निजामोद्दीन चुळबुळला. "मावशी, दिल छोटा नका करू. हे सिमेंट हाय, लोखंड हाय. सगळी गल्लीच चढवून राहिली. कुनाचं काय झालं?"

"आमचं बी सगळं गाव चढवत हुतं, निजामभाई."

मिस्त्रीने फूटपट्टी काखेत मारली.

"मला सिमेंटातलं कळत न्हाई," गुणाबाई मुलाला म्हणाली. "पडंलच असं बी मी म्हनत न्हाई. पाया किती मजल्यांचा घातलाय ते तुझ्या बापानं तुला दाखवलंय. तूच सांग."

दयानंदने सळयांकडे पाहिलं. पाया वर एकच मजला पेलेल एवढाच होता. तो मजला बापाने कधीच चढवला होता. गल्लीतल्या सगळ्यांना आपापला पाया ठाऊक असतो. ठाऊक असतं आणि पाटी वर जाते.

खालून पुनमने हाक दिली, "आत्याबाई, हिला जरा घेता का? लई किरकिर करून राहिली."

गुणाबाई जिन्याकडे वळली आणि थांबली. "आत्ता खाली कोन कोन हाय रं, दया?"

"पुनम हाय." तो मोजू लागला. "लेकरू हाय. अर्शिया, ती चाकूरची पोरगी..."

"लोकांच्या लेकी हायेत," गुणाबाई म्हणाली. "आन् मी त्यांच्या डोक्यावर निजते." ती खाली गेली.

मिस्त्रीने विचारलं, "मालक, मग काम बंद का?"

दयानंदच्या हातात पाटी अजून तशीच होती. ठेवायला त्याला गच्चीवर जागा सुचत नव्हती. शेवटी तो वळला आणि एकेक पायरी बघत ती पाटी खाली घेऊन गेला. मी ऐकलं: जिना, ओटा, मग वाळूवर वाळू पडल्याचा आवाज.

परत आला तेव्हा हात झटकत म्हणाला, "बंद कशाला? सळया कापून टाका, निजामभाई."

इतक्या वर्षांत, मित्रांनो, चढवलेलं खाली नेणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

वाळू समोरच्यांनी नेली. त्यांचा मजला झाला, आता आमच्या गच्चीवर ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. कुरडयांना दोन दिवस जास्त लागतात. दयानंद संध्याकाळचं आणखी एक काम करतो आणि दमून येतो. पुनम आणि लेकरासाठी गुणाबाईने आपली न वापरलेली खोली रिकामी केली. तिची पेटी जिन्याच्या खोलीत, माझ्या शेजारी आली. एवढ्यानेच जागा झाली. कधीची होती ती.

परवा दुपारी गुणाबाईने मला कोनाड्यातून काढलं आणि खाली नेलं. दयानंदच्या लेकीची मूठ अजून माझ्याएवढी नाही. म्हणून गुणाबाई स्वतःच तिच्या शेजारी, चटईवर नुसती लवंडली आणि मला हलवत राहिली. वर छत होतं. तिच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. हळूहळू हलवणं मंद झालं. मी तिच्या बोटांतून सुटून गोधडीवर घरंगळलो. पुनम दाराशी आली, सासूबाई छताखाली घोरतायत हे बघितलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरली. लेक जागी होती, माझ्याकडे टकामका बघत होती.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. घर असो, गाव असो, नाहीतर तुमच्या पाठीवरचं दप्तर. वर काही चढवण्याआधी खाली कोण निजलंय ते बघत जा. आणि कुणी दमलेलं माणूस एखादी पाटी खाली आणताना दिसलं, तर त्याला वाट द्या. मला विचाराल तर मी तीन खड्यांवर दोन हजार वर्षं काढली. अजून वाजतो.